प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राची कथा

चाकणचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. संग्रामदुर्ग त्याचे नाव. १६६० साली शाएस्ताखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा या किल्लेदाराने तो जवळजवळ दोन महिने झुंजवला, ही हकीकत शाळेतली मुलेही सांगतात. वेढ्यात सापडलेल्या किल्लेदाराला रोज एक हिशेब करावा लागतो. कोठारात धान्य किती, दारूगोळा किती, टाक्यात पाणी किती? बुरुजावर निशाण डौलात फडकत असते, बाहेरून पाहणाऱ्याला किल्ला भक्कम दिसतो; पण कोठी रिकामी होत आली असेल, तर त्या डौलाला काही अर्थ नसतो.

माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. माणूस बोलतो आहे, चहा पितो आहे, नातवाला हाका मारतो आहे. आणि आत रक्तातला प्राणवायू मात्र घटत चालला आहे, असे होऊ शकते. हे बाहेरून कळत नाही. ते कळण्यासाठी कोठीचा हिशेब सांगणारे एखादे साधन हवे. असे साधन आज आपल्या घरांत, उपकेंद्रांत आणि आशाताईंच्या पिशवीत येऊन पोचले आहे. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ते यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. लोक त्याला ऑक्सिमीटर म्हणतात. ते कसे जन्मले, आपल्या भागात कसे आले आणि ते नीट कसे वापरावे, हे आज सांगायचे आहे.

पण आधी एक कबुली देतो. मी शिक्षक. २०२० सालच्या सप्टेंबरात राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आरोग्याचे पथक घरोघर जाई, ताप पाही, बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजी आणि वहीत आकडा लिही. चाकणजवळच्या एका गावात अशा एका पथकाबरोबर मी स्वयंसेवक म्हणून हिंडलो. बरोबर आमच्या आशाताई होत्या. त्या फेऱ्यांत दोन घरे अशी भेटली, की त्यांनी मला हे यंत्र शिकवले. एका घरात यंत्राचे ऐकले, म्हणून माणूस वाचला. दुसऱ्या घरात आम्ही केवळ यंत्राचेच ऐकले, माणसाचे ऐकले नाही. त्याचे शल्य अजून आहे. ते पुढे सांगतो.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. आपण जी हवा घेतो तिच्यात सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. फुप्फुसात तो रक्ताला भेटतो. रक्तात हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य आहे. हे हिमोग्लोबिन म्हणजे बाजाराला निघालेल्या गाड्या समजा. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्या येतात, तशा या गाड्या फुप्फुसातून प्राणवायू भरून निघतात आणि अंगभर वाटून परत येतात. शंभर गाड्यांपैकी किती गाड्या भरून निघाल्या, तेवढेच यंत्र सांगते. ९७ आकडा आला, म्हणजे शंभरातल्या ९७ गाड्या भरलेल्या आहेत.

यातच यंत्राची पहिली मर्यादाही आली, बरे का. गाड्या किती टक्के भरल्या हे ते सांगते. मुळात गाड्याच किती आहेत, हे सांगत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या बोटालाही ९८ आकडा दिसेल, कारण तिच्या थोड्या गाड्या आहेत त्या सगळ्या भरलेल्या आहेत. तेव्हा ९८ आले म्हणून तिचा थकवा खोटा ठरत नाही. रक्त तपासावेच लागते.

आता आपण म्हणाल, की बोट न टोचता, रक्ताचा थेंब न काढता, हे यंत्राला कळते तरी कसे? शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. खोलीत अंधार करावा, विजेरी पेटवून तिच्या काचेवर बोटे घट्ट दाबावीत. बोटांतून लाल प्रकाश झिरपताना दिसतो. पांढऱ्या उजेडातला तांबडा भागच तेवढा हाडामांसातून पार निघतो. त्या तांबड्या उजेडाचा किती भाग पलीकडे पोचला, यावर रक्ताचा रंग ओळखता येतो. प्राणवायूने भरलेले रक्त लालभडक असते. प्राणवायू देऊन रिकामे झालेले रक्त काळपट लाल असते. खाटकाच्या दुकानात किंवा जखम बांधताना हा फरक पुष्कळांनी पाहिला असेल.

हा फरक शास्त्रज्ञांनी नोंदला, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. १८६४ साली जर्मनीतील होप-झायलर यांनी रक्तातील त्या द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिले आणि त्याच साली इंग्लंडातील स्टोक्स यांनी प्राणवायू मिळाला की त्या द्रव्याचा रंग बदलतो, हे प्रकाशाच्या पट्ट्यांवरून दाखवले. पुढे १८७६ साली फीरॉर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी बोटाभोवती रबरी पट्टी आवळली, रक्त अडवले आणि बोटातून येणाऱ्या प्रकाशात रंग कसा पालटतो, ते पाहिले. म्हणजे बोटातून उजेड सोडण्याची कल्पना लोकमान्य टिळक कॉलेजात शिकत होते, त्या काळची आहे.

पण कल्पना आणि कामाचे यंत्र यांत मोठे अंतर असते. १९३५ साली कार्ल माथेस या जर्मन वैद्याने कानाच्या पाळीला लावायचे यंत्र तयार केले. त्यात दोन प्रकारचा प्रकाश वापरला होता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने फार उंच जाऊ लागली. उंचावर हवा विरळ; वैमानिकाला भोवळ येई, पण आपल्याला भोवळ येते आहे हेच त्याला कळत नसे. म्हणून अमेरिकेतील ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकाच्या कानाला लावायचे हलके यंत्र केले आणि त्याला ‘ऑक्सिमीटर’ हे नाव दिले. म्हणजे हे साधन इस्पितळाच्या आधी आकाशात गेले.

या सर्व यंत्रांत एक अडचण होती. प्रकाश बोटातून वा कानातून जातो, तेव्हा त्याला नुसते रक्तच भेटत नाही. कातडी, मांस, हाड, निळ्या शिरांतले शिळे रक्त, सगळे काही वाटेत असते. यातले ताजे रक्त वेगळे ओळखायचे कसे? त्यासाठी कान तापवावा लागे, दाबून धरावा लागे, यंत्र प्रत्येक रोग्यासाठी नव्याने जुळवावे लागे. १९७६ साली एका अमेरिकन कंपनीने आठ प्रकारच्या प्रकाशाचे यंत्र काढले. ते चांगले चाले, पण बोजड आणि महाग. खेड्यातल्या दवाखान्याला त्याचा काय उपयोग?

या गाठीची उकल जपानात झाली आणि ती मोठ्या मौजेची आहे. ताकुओ आओयागी नावाचे एक अभियंते होते. १९३६ साली त्यांचा जन्म झाला. निहोन कोहदेन या वैद्यकीय उपकरणे करणाऱ्या कंपनीत ते काम करीत. हृदय एका मिनिटाला किती रक्त फेकते, हे त्यांना मोजायचे होते. रक्तात रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीपाशी तो रंग कसा येतो व कसा ओसरतो, हे प्रकाशाने टिपायचे, अशी ती रीत. पण कागदावर उमटणारी रेषा नीट येईना. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती थरथरे. ही थरथर घालवण्यासाठी आओयागींनी तांबड्याबरोबर दुसरा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश घेतला आणि एकाने दुसऱ्याची थरथर कापून टाकली. रेषा सरळ झाली. पण रक्तातला प्राणवायू कमी झाला, की थरथर पुन्हा दिसू लागे!

दुसरा एखादा वैतागला असता. आओयागींनी विचार केला, की थरथर ज्या अर्थी प्राणवायूबरोबर बदलते, त्या अर्थी तिच्यातच प्राणवायूचे माप दडलेले आहे. शिवाय ठोक्याबरोबर हलते ते फक्त धमनीतले ताजे रक्त. हाड हलत नाही, कातडी हलत नाही, शिळे रक्त फारसे हलत नाही. तेव्हा जे हलते तेवढेच मोजले, की ताजे रक्त आपोआप वेगळे झाले! पाखडताना जो कोंडा म्हणून टाकायचा, त्यातच दाणा सापडला.

हे त्यांना उमगले १९७२ सालच्या सुमारास. १९७४ साली त्यांनी जपानात पेटंटासाठी अर्ज केला आणि तज्ज्ञांच्या सभेत निबंध वाचला. सुसुमु नाकाजिमा या शल्यवैद्याने यंत्र मागवून घेऊन रोग्यांवर पारखले. १९७५ साली कंपनीने कानाला लावायचे पहिले यंत्र बाजारात आणले. जवळपास त्याच वेळी मिनोल्टा या दुसऱ्या जपानी कंपनीनेही अशीच कल्पना लढवली आणि १९७७ साली बोटाला लावायचे यंत्र काढले. पुढे अमेरिकेत या यंत्रात छोटे प्रकाशदिवे बसले. तांबडा दिवा ६६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, अवरक्त दिवा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा. १९८० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेच्या खोलीत भूल देणारे डॉक्टर या यंत्रावाचून काम करीनासे झाले. १९९५ साली दिवे, पडदा आणि सेल सगळे एकाच चिमट्यात सामावले. आओयागी २०२० सालच्या एप्रिलमध्ये वारले. ज्या महिन्यांत जगभर लोक त्यांचे यंत्र शोधत दुकाने पालथी घालत होते, त्याच महिन्यांत हा शांत माणूस गेला.

या कथेत आपल्या मुलुखाचाही एक धागा आहे. यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात, उटी नावाचे गाव आहे. तेथील आत्माराम गावंडे हे शेतकऱ्याचे पुत्र डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे हे शल्यवैद्य आणि लेखक म्हणून प्रसिद्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया सुरक्षित व्हावी म्हणून एक तपासयादी प्रसिद्ध केली. ते काम त्यांच्या पुढाकाराने झाले. भूल देण्यापूर्वी रोग्याला ऑक्सिमीटर लावला आहे ना आणि तो चालू आहे ना, हा त्या यादीतला एक प्रश्न. पण यंत्रच नसेल तर प्रश्न विचारून काय होणार? २०१० सालच्या एका अभ्यासात जगातल्या सुमारे ७७ हजार शस्त्रक्रिया-खोल्यांत हे यंत्र नाही, असा अंदाज निघाला. त्यावर गरीब देशांत स्वस्त आणि टिकाऊ यंत्रे पोचवण्यासाठी २०११ साली ‘लाइफबॉक्स’ ही संस्था उभी राहिली, तिचे संस्थापक गावंडेच.

आता आपल्या भागाकडे येऊ. पिंपरी-चिंचवड हे नाव काढले की मोटारी आणि यंत्रे आठवतात. पण पिंपरीच्या उद्योगाचा आरंभीचा मोठा कारखाना औषधाचा होता, हे विसरू नये. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशाचे पेनिसिलीन येथे तयार होऊ लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले आणि शेतांच्या जागी कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या. पुढे हीच रांग नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत गेली. त्या पट्ट्यात हवेतून प्राणवायू वेगळा काढण्याचे कारखानेही आले. हवा अतिशय थंड करून तिचे पाणी करायचे आणि उणे १८३ अंशाला उकळणारा प्राणवायू तिच्यातून वेगळा काढायचा, असे ते काम. हा प्राणवायू पुष्कळसा लोखंड कापायला, सांधायला जाई. इस्पितळाला लागे तो त्या मानाने थोडा.

२०२० साली करोनाची साथ आली आणि हे सगळे गणित फिरले. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय करोनासाठी राखले गेले. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर, जेथे मुले खेळत, तेथे मांडवाखाली जम्बो रुग्णालय उभे राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हुकूम काढला, की तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी ८० टक्के वैद्यकीय कामाला आणि २० टक्केच उद्योगाला द्यावा. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा तोही पुरेना. जवळजवळ सगळाच प्राणवायू इस्पितळांकडे वळवावा लागला. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापट्टणमला गेली आणि भरून परत आली. ज्या वायूने काल लोखंड कापले जात होते, त्याच्या प्रत्येक टाकीकडे माणसे डोळे लावून बसली.

अशा टंचाईत ऑक्सिमीटरचे मोल दुहेरी ठरले. कोणाला प्राणवायू खरोखर हवा आहे आणि कोण घरी राहू शकतो, हे त्या चिमट्यावरून ठरू लागले. मागणी वाढली, तशा किमतीही भडकल्या. अखेर २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारला ऑक्सिमीटरवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

आता ती दोन घरे.

पहिले घर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे. आबा ओट्यावर बसून सुतळी वळत होते. आशाताईंनी बोट मागितले.

आबा म्हणाले, “मला काय धाड भरलीय? सूनबाईला खोकला आहे, तिचं बघा.”

सुनेचा आकडा ९७ आला. आबांचा आला ८६. त्यांचा मुलगा हसला. “ताई, मशीन बिघडलंय तुमचं. आबा आत्ता गोठ्यातून आले.”

आशाताईंनी वाद घातला नाही. त्यांनी चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. आकडा ९८. मग मुलाच्या बोटाला लावला. ९७. मग आबांचा हात चोळून ऊब आणली, दुसऱ्या हाताचे मधले बोट घेतले आणि मिनिटभर थांबल्या. आकडा पुन्हा ८६.

“दादा,” त्या म्हणाल्या, “मशीन तुमच्यासाठी चांगलं आणि आबांसाठीच वाईट, असं कसं होईल?”

मुलाचे हसणे थांबले. तासाभरात आबा गाडीत बसले. पंधरवड्याने परत आले ते काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. डॉक्टर याला मूक प्राणवायुटंचाई म्हणतात. दम लागण्याची जाणीव मुख्यतः रक्तात अंगारवायू साठला की होते; नुसता प्राणवायू घटला तर ती जाणीव उशिरा येते. म्हणून आबांना काही वाटत नव्हते.

दुसरे घर चाळीतल्या एका कामगाराचे. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर, लेथवर काम करणारा माणूस. पलंगावर पडून होता. आकडा ९६ आला. मी वहीत लिहिला आणि उठलो. त्याची बायको दारात म्हणाली, “गुरुजी, जिना चढले की ह्यांना फार धाप लागते हो.” मी म्हणालो, “वहिनी, आकडा चांगला आहे. काळजी करू नका.” तो माणूस माझ्याकडे पाहून हसला. त्यालाही बरे वाटले असावे.

दुसऱ्या फेरीत गेलो, तेव्हा दाराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी सांगितले, की चौथ्या दिवशी रात्री त्याला नेले, फार उशिरा नेले आणि तो परत आला नाही.

श्रोतेहो, यंत्र खोटे बोलले नव्हते. पडून असलेल्या माणसाचा आकडा त्या क्षणी ९६ होताच. चूक माझी. बायकोने जे सांगितले ते वहीत लिहायला रकाना नव्हता, म्हणून मी ते ऐकलेच नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने लोकांना एक साधी चाचणी घरी करायला सांगितली. बसून आकडा घ्यावा, मग सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालावे आणि पुन्हा आकडा घ्यावा. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून अधिक उतरला, किंवा धाप लागली, तर डॉक्टर गाठावा. साठी उलटलेल्यांनी तीनच मिनिटे चालावे. मी त्या माणसाला खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या, तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. म्हणूनच आज हे बोलतो आहे.

आता यंत्र वापरण्याची रीत. अलीकडे साध्या चिमट्याशिवाय बिनतारी यंत्रेही मिळतात. बोटाला लावायचा भाग वेगळा आणि हातात धरायचा पडद्याचा भाग वेगळा. मध्ये तार नाही. ज्या कुळातल्या लहरींवरून आमचा आवाज आपल्या घरी येतो, त्याच कुळातल्या फार आखूड लहरींवरून आकडा बोटाकडून पडद्याकडे जातो. साथीच्या खोलीत वारंवार न शिरता परिचारिकेला बाहेरून आकडा पाहता येतो, हा त्याचा फायदा.

असे यंत्र आणले, की प्रथम दोन्ही भागांचे सेल भरलेले आहेत का पाहावे. तारीख आणि वेळ बरोबर लावावी. नाहीतर नोंदीला अर्थ राहत नाही. मग दोन्ही भागांची जोडी जुळवावी लागते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कळ दाबली, की पडदा चिमट्याला ओळखतो. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. खोलीत दोन रोगी असले, तर एकाचा चिमटा दुसऱ्याच्या पडद्याशी जुळू शकतो. म्हणून जोडी जुळल्यावर चिमटा आधी स्वतःच्या बोटाला लावावा, पडद्यावर आकडा उमटतो का आणि काढल्यावर जातो का ते पाहावे. मग दोन्ही भागांवर त्या रोग्याचे नाव चिकटवावे.

पुढे धोक्याच्या घंटेची मर्यादा लावावी. ती किती ठेवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दम्याच्या किंवा जुन्या फुप्फुसविकाराच्या रोग्याला वेगळी मर्यादा लागते. घंटेचा आवाज बंद करून ठेवू नये. भिंत आड आली वा अंतर वाढले, तर लहरी पोचत नाहीत आणि पडद्यावर रेघा दिसतात. रेघा दिसल्या म्हणजे रोगी गेला असे नव्हे आणि सगळे ठीक आहे असेही नव्हे. उठून रोग्याकडे जावे. बिनतारी यंत्र माणसाच्या नजरेला पर्याय नाही.

आकडा घेताना रोग्याला पाच मिनिटे शांत बसवावे. हात गार असतील तर चोळून ऊब आणावी. नखावर रंग असेल तर पुसावा. मेंदीचा गडद रंगही प्रकाश अडवतो. लग्नघरात हे ध्यानात ठेवावे आणि मेंदी नसलेले बोट घ्यावे. हात छातीच्या उंचीला स्थिर ठेवावा. कडक उन्हात मोजू नये. चिमटा लावल्यावर पहिला आकडा घेऊ नये. अर्धा-एक मिनिट थांबून स्थिरावलेला आकडा घ्यावा. पडद्यावर दोन आकडे असतात, एक प्राणवायूचा, दुसरा नाडीचा. मनगटावरची नाडी बोटांनी मोजावी. ती यंत्राच्या नाडीशी जुळली नाही, तर प्राणवायूच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये. ही पारख कोणालाही करता येते.

आकडा ९५ वा अधिक असेल, तर सर्वसाधारण माणसाला तो चांगला. ९४ किंवा कमी आला आणि पुन्हा मोजूनही तोच राहिला, तर डॉक्टरांना कळवावे. ९० च्या आसपास वा खाली गेला, तर वाट पाहू नये. कारण ९० हा घाटमाथा आहे. तोवर उतार सौम्य असतो. तेथून पुढे प्राणवायू जरासा घटला तरी गाड्या भराभर रिकाम्या पडतात. ‘सकाळी बघू’ हे शब्द त्या वेळी उच्चारू नयेत.

यंत्राच्या आणखी दोन मर्यादा सांगतो. बंद खोलीत शेगडी धुमसत असेल आणि माणसाला कोळशाचा विषारी वायू बाधला असेल, तर त्या वायूने भरलेले रक्तही यंत्राला लालभडकच दिसते आणि आकडा चांगला येतो. अशा वेळी माणसाला मोकळ्या हवेत न्यावे आणि आकडा न पाहता दवाखाना गाठावा. दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काळ्या वर्णाच्या रोग्यांत प्राणवायू प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने चांगला दाखवला, असे गोऱ्यांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा घडले. आपण सावळी माणसे. आपणही हे ध्यानात ठेवावे आणि आकडा काठावर असेल तर रोग्याच्या तक्रारीला झुकते माप द्यावे. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून प्राणवायू सांगण्याचा दावा करणाऱ्या युक्त्यांवर तर भिस्त ठेवूच नये.

एक शेवटची गोष्ट. साथ ओसरली आणि घरोघरची ही यंत्रे खणात पडली. पुष्कळांचे सेल आत पाझरून यंत्र निकामी झाले असेल. आज घरी गेल्यावर ते काढून पाहा. वापरात नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवावेत, चिमटा आतून मऊ कापडाने पुसावा, महिन्यातून एकदा स्वतःच्या बोटाला लावून पाहावा. न्यूमोनियाने धाप लागलेले मूल, दम्याचे आजोबा, भूल उतरत असलेला रोगी, यांना त्याची गरज साथ नसतानाही असते. लहान बाळाला मात्र मोठ्यांचा चिमटा चालत नाही. त्याच्यासाठी वेगळा लागतो.

शाळाशाळांतून शिक्षकांनी मुलांना विजेरीचा तो प्रयोग दाखवावा, आओयागींची गोष्ट सांगावी आणि मुलांना एकमेकांची नाडी मोजायला शिकवावे. आणि आकडा लिहायच्या वहीत एक रकाना जादा आखून घ्यावा. मी आता तो आखतो. त्यावर लिहिलेले असते, ‘घरची माणसे काय म्हणतात’. तो रकाना भरल्यावाचून मी उंबरठा ओलांडत नाही.